नावाचा पुकारा

(पालखी सोहळ्यात नातेपुते मुक्कामी झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून. नामघोष आणि म्हटलेले अभंग येथे दिलेले नाहीत. छापण्यापूर्वी बुवांनी मजकूर वाचून काही ठिकाणी वाढवला आहे.)



रोज आपण अभंग घेतो आणि त्याचं निरूपण करतो. आजही अभंग म्हटला, तुम्ही टाळ धरलेत, आनंद झाला. पण बोलणार मी आहे ते एका शब्दावर, आणि तो शब्द कचेरीतला आहे. 'हजर'.

कुणी म्हणेल, बुवांना आज काय झालं, विठ्ठलाचं सोडून कोर्टाचं काढलं. अहो, नाथमहाराजांनी काय केलं? भारुडात अर्जदस्त लिहिला, ताकीदपत्र लिहिलं, अभयपत्र लिहिलं. सगळे सरकारदरबारचे कागद. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, नाथ त्यांच्याकडे हिशेब पाहत. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवली ही कथा तुम्ही कितीदा ऐकलीत. ज्या कागदाची लोकांना धास्ती, त्याच कागदावर नाथांनी परमार्थ लिहिला. मी त्यांच्या वाटेनं दोन पावलं चालतो, इतकंच.

निमित्त सांगतो. आज दुपारी विसाव्याला लिंबाखाली बसलो होतो. सत्तरीतले एक बाबा आले, पाया पडले, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. म्हणाले, "बुवा, हे वाचा." वाचलं. बांधावरच्या भांडणाची जुनी फौजदारी केस, यांचं नाव आरोपींत, आणि खाली तारीख. म्हटलं, "बाबा, तारीख आजची आहे." बाबा म्हणाले, "हो की. पण मी वारीत. पांडुरंग बघून घेईल."

तिथल्या तिथं फोन लावला. बाबांच्या मुलाकडून वकिलांचा नंबर घेतला. वकील भले निघाले. त्यांनी सकाळीच अर्ज देऊन त्या दिवसापुरती हजेरीची माफी मागितली होती, ती मिळाली, पुढची तारीख एकादशीनंतरची पडली. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते नुसते निघाले होते.

मी त्यांना रागावलो नाही. मला तो अधिकार नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

आता हे मंडपात बसलेत त्यांतल्या निम्म्या जणांनी कोर्टाची पायरी चढलेली असेल. जमिनीचा दावा, वाटणी, बांध, पोटगी, बँकेचा चेक, कुणाला जामीन राहिलेले. लाजू नका. आणि वाचणाऱ्या माउली, तुम्हीसुद्धा. मी वकील नव्हे. जे सांगतो ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसून शिकलोय, आणि छापायच्या आधी आमच्या दिंडीतल्या एका वकील माउलींना दाखवून घेतलंय. तुमच्या प्रकरणात काय करायचं ते तुमच्या वकिलालाच विचारा.

पहिली गोष्ट कागदाची. आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे की समन्स हातात घेतलं नाही तर ते लागू होत नाही. बेलीफ दिसला की माणूस मागच्या दारानं रानात. पोस्टमन आला की घरातून आवाज, "ते नाहीत, बाहेरगावी गेलेत." अहो, तुम्ही कागद नाकारलात की तसा शेरा मारून तो परत जातो, आणि कोर्ट तुमच्यावर बजावणी झाली असं धरू शकतं. बेलीफ दारावर प्रत चिकटवतो, कुणाच्या समोर चिकटवली ते लिहून नेतो, त्यावरूनही कोर्ट तसं धरू शकतं. तुम्ही घरी नसाल तर घरातलं सज्ञान माणूस कागद घेऊ शकतं. दिवाणीत तर बाईमाणसाची सही पूर्वीपासून चालते. फौजदारीत मात्र परवापर्यंत घरातला पुरुषच लागायचा. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणतात त्याला, आणि त्यात पुरुष हा शब्द राहिला नाही. घरातलं कुणीही सज्ञान माणूस. म्हणजे सूनबाईंनी सही केली की समन्स घरात आलं. तेव्हा सूनबाईंना एवढंच सांगून ठेवा की कागद आला तर देव्हाऱ्यामागे ठेवू नको, दाखव. आमच्याकडे देव्हाऱ्यामागे दोन वर्षं राहिलेलं समन्स मी पाहिलंय, हळदीकुंकू लागलेलं.

कागद वाचायचा. कुठलं कोर्ट, कुठली तारीख, दिवाणी की फौजदारी, आणि तुम्हाला काय म्हणून बोलावलंय. वादी, प्रतिवादी, आरोपी, साक्षीदार. या चौघांचं न येणं सारखं नसतं.

दिवाणी दाव्यात प्रतिवादी आला नाही म्हणून कुणी लगेच बेड्या घालायला येत नाही. म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. पण दावा 'एकतर्फी' चालतो. समोरचा सांगेल, कोर्ट ऐकेल, तुमची बाजू सांगायला तिथं कुणी नाही. तुमचं म्हणणं, ज्याला कैफियत म्हणतात, ते समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायचं, कोर्टानं कारण पाहून वाढवलं तर साधारण 90 दिवसांपर्यंत. ते राहिलं आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, पण मुदत 30 दिवसांची, आणि गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हे 30 दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून धरतात. उलट ज्यानं दावा लावला तोच तारखेला आला नाही आणि प्रतिवादी हजर असला, तर दावाच काढून टाकला जातो. तोही पुन्हा उभा करायला अर्ज करता येतो, पुन्हा तेच 30 दिवस, पुन्हा तेच कारण.

फौजदारीचं निराळं. तिथं आरोपीनं तारखेला यावंच लागतं. आला नाही तर वॉरंट. बहुतेक वेळा आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र. तेव्हाही माणूस लपला तर जाहीरनामा निघतो, त्यात हजर व्हायला निदान 30 दिवसांची मुदत असते, आणि मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. जामिनावर सुटलेला माणूस सबळ कारणाशिवाय तारखेला गेला नाही तर तो वेगळाच गुन्हा आहे. वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूळ भांडण बांधावरच्या दोन काठ्यांचं, आणि शिक्षा न गेल्याची! असं होतं माउली, खरंच होतं.

आणि जामीनदार. हा माणूस मला सगळ्यात गरीब वाटतो. भाच्यासाठी, शेजाऱ्यासाठी, गावकीच्या भिडेखातर सातबारा घेऊन जातो, अंगठा देतो, परत येतो, विसरून जातो. ज्याच्यासाठी जामीन राहिला तो मुंबईला निघून गेला की कोर्टाची नोटीस याच्या दारात. लिहून दिलेली रक्कम भरा. यानं काहीच केलेलं नसतं. दुसऱ्याच्या पायांवर हा उभा असतो.

वॉरंट निघालं असं कळलं तर पळू नका. वकिलाला घेऊन आपणहून कोर्टात उभे राहा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. आपल्या पायांनी आलेला आणि पोलिसांनी आणलेला, यात साहेबांना फरक दिसतो. आजारी असाल, घरात मयत झाली असेल, वारीला असाल, तर आधी अर्ज. वारीचं तर काय सांगावं! एकादशी वर्षभर आधी पंचांगात छापलेली असते. ऐन वेळी कळली असं म्हणायची सोयच नाही. वकिलाला चैत्रातच सांगा की ज्येष्ठ वद्यापासून आषाढी पौर्णिमेपर्यंत मी वाटेवर आहे. साहेबांनी अर्ज मंजूर केला तर निर्धास्त चाला. नामंजूर केला तर एका दिवसासाठी एसटीनं जाऊन या. पालखी कुठं पळून जात नाही, दुसऱ्या मुक्कामाला गाठता येते. तारीख विसरली तर आता मोबाईलवर दिसते. तुमच्या केसला सीएनआर म्हणून सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, तो ई-कोर्ट्सवर घातला की पुढची तारीख समोर येते. नातवाला सांगा, त्याला रील बघण्यापेक्षा बरं काम. आणि पैसे नाहीत म्हणून वकील नाही असं म्हणू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायामाणसांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. 15100 हा फोन लक्षात ठेवा.

झालं हे. आता दामाजीपंतांकडे येऊ.

इथून पुढे पंढरी, आणि पंढरीपासून जवळच मंगळवेढं. तिथं बेदरच्या बादशहाच्या वतीनं दामाजीपंत कारभार पाहत. दुष्काळ पडला. पंढरीचा एक ब्राह्मण त्यांच्या पंगतीला बसला, पान वाढलं, आणि तो रडायला लागला. घरी पोरं उपाशी, माझ्या घशाखाली घास कसा उतरेल? पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठवलं. बातमी पंढरीत पसरली आणि लोकांची रीघ लागली. पंतांनी सरकारी कोठारं उघडली. लुटा म्हणाले. हाताखालच्यानं बेदरला चुगली केली, आणि बादशहाचे शिपाई मंगळवेढ्यात आले. दामाजीला घेऊन या.

पुढची कथा पोरंही सांगतात. पांडुरंगानं विठू पाडेवाराचं रूप घेतलं. डोईला मुंडासं, हातात काठी, खांद्याला घोंगडी. ज्याला देवळाच्या पायरीशी थांबवत होते त्याचं रूप देवानं घेतलं, हे ध्यानात ठेवा. तो बेदरला गेला, दरबारात जोहार घातला, थैली ओतली. मोजता मोजता कारकून थकले, मोहरा संपेनात. विठूनं धान्याचे पैसे चुकते केले आणि पावती मागितली. पावती! देवाला पावती कशाला? पण घेतली, आणि ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेवली.

गेली चाळीस वर्षं मी हे आख्यान सांगतो. आळंदीला माधुकरी मागून शिकलो तेव्हापासून. लोक कुठं रडतात ते मला पाठ आहे. थैली ओतली की रडतात, पावती पोथीत सापडली की रडतात. मीही तिथंच आवाज चढवतो, मृदंग तिथंच बोलतो. आणि एक गोष्ट मी वर्षानुवर्षं दोन वाक्यांत उरकत आलो. शिपाई मंगळवेढ्यात आले तेव्हा दामाजीपंत कुठं होते?

घरी होते, माउली. पळाले नाहीत. कोठारं लुटली ती रयतेनं, मला माहीत नाही, असं म्हणाले नाहीत. आजारी आहे असं सांगून माजघरात पडून राहिले नाहीत. ठाण्याचा अधिकारी माणूस, चार घोडेस्वार पाठीशी घेऊन दुसऱ्या राज्यात जाता आलं असतं. पंतांनी शिपायांकडे एकच मागणं मागितलं. वाटेत पंढरी लागते, तेवढं दर्शन घेऊ द्या. दर्शन घेतलं आणि बेदरच्या वाटेला लागले. मान कापली जाणार हे धरून चाललेला माणूस तो.

देव बेदरला गेला, खरं आहे. पण ज्याच्यासाठी गेला तो घरी झोपला नव्हता, तोही त्याच रस्त्यानं चालत होता. आमचं काय होतं? पांडुरंग बघून घेईल असं म्हणून आम्ही विठूला बेदरला धाडतो आणि आपण मंगळवेढ्यात राहतो.

हे मला पोथीनं शिकवलं नाही. एका बाईनं शिकवलं. आता ते सांगतो, आणि सांगताना मला बरं वाटणार नाही.

आमच्या दिंडीत एक मृदंग वाजवणारे होते. नाव घेत नाही. माझ्याच वयाचे, जवळच्या गावचे. त्यांना एक थोरला भाऊ. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली ती मारुतीच्या देवळात, पाडव्याच्या दिवशी, चार माणसांसमोर, तोंडी. विहिरीकडचा अडीच एकराचा तुकडा धाकट्याला. चार माणसांत मी एक. कागद झाला नाही. सातबाऱ्यावर नाव थोरल्याचंच राहिलं, कारण भाऊ भाऊच होते. दहा-अकरा वर्षं तो तुकडा धाकट्यानं कसला.

मग आमचे मृदंगवाले गेले. तापाचं निमित्त, आठ दिवसांत गेले. वर्षश्राद्ध व्हायच्या आत थोरला म्हणाला, वाटणी झालीच नव्हती, मी त्याला कसायला दिली होती. वहिनींनी दावा लावला. चार पंचांतले दोघे देवाघरी गेलेले, तिसरा थोरल्याच्या बाजूला. राहिलो मी. वहिनी घरी आल्या, उंबऱ्याच्या आतही आल्या नाहीत. म्हणाल्या, "बुवा, तुम्ही होता ना तिथं? एवढंच सांगा." मी म्हटलं, सांगतो.

तालुक्याला जाऊन शपथपत्र दिलं. सरतपासाचं शपथपत्र म्हणतात त्याला. मला वाटलं झालं माझं काम. वकिलांनी समजावलं की समोरचा वकील उलटतपास घेईल, त्या दिवशी तुम्हाला उभं राहावं लागेल. नाही राहिलात तर हे शपथपत्र वाचण्यातच येणार नाही. ते कागद म्हणून फाईलमध्ये राहील, पुरावा म्हणून नाही.

उलटतपासाची तारीख आषाढात पडली. मी वारीत. वकिलांनी तहकुबी मागितली, कोर्टानं दिली, खर्च भरायला लावून. तो खर्च वहिनींनी भरला. मला कळवलंही नाही त्यांनी.

दुसरी तारीख श्रावणात. मी एका गावी सप्ताहाला होतो. तिथून पहाटेची एसटी होती, दहाला तालुक्याला पोचवायची. साक्ष देऊन संध्याकाळपर्यंत परत, आणि रात्रीचं कीर्तन नवाला. सगळं बसत होतं. मी गेलो नाही. निरोप धाडला की सप्ताह सोडता येत नाही, देवाचं काम आहे.

खरं कारण काय ते या पुस्तकात छापा म्हणून मीच सांगितलंय. थोरला भाऊ त्यांच्या गावच्या देवळाचा प्रमुख. कार्तिकातला सप्ताह त्याच्या शब्दावर. सतरा वर्षं मला तिथं काल्याच्या कीर्तनाचा मान. शपथपत्र देताना तो समोर नव्हता. उलटतपासाला तो समोर बसणार, माझ्याकडे बघणार, आणि मी त्याच्या तोंडावर सांगायचं की हा खोटं बोलतोय. मला भीती वाटली. मारायची नव्हे. बिदागीची म्हणा, मानाची म्हणा, गावात वाईट होण्याची म्हणा. वारी आणि सप्ताह या दोन पवित्र गोष्टींच्या आड मी जाऊन बसलो.

त्या दिवशी कोर्टात काय झालं ते मला वहिनींनी पुढे सांगितलं. अकरा वाजून गेल्यावर पट्टेवाल्यानं व्हरांड्यात येऊन पुकारा केला. तीनदा नाव घेतलं. वहिनी फाटकाकडे बघत उभ्या. एसटी स्टँडकडून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे बघत होत्या. वकिलांनी पुन्हा तहकुबी मागितली, साहेबांनी दिली नाही. दावा किती दिवसांचा, तहकुब्या किती, सगळं बरोबरच होतं त्यांचं. पुरावा बंदचा हुकूम झाला. काही महिन्यांनी दावा फेटाळला गेला, कारण वाटणी झाली हे सांगणारं एकही माणूस कोर्टापुढे आलेलं नव्हतं.

आणि मला काय झालं? काही नाही. माझ्यावर समन्स नव्हतं, मी शब्दावर आलेला साक्षीदार. समन्स बजावलेला साक्षीदार आला नाही तर कोर्ट वॉरंट काढतं, दंड करतं. मला ना वॉरंट, ना दंड. गैरहजर मी राहिलो आणि भोगलं तिनं. अडीच एकर गेले. पोरगं बारावीत होतं, ते शाळा सोडून गुऱ्हाळावर कामाला गेलं.

त्या दिवशी रात्री, ज्या दिवशी पुकारा झाला त्याच रात्री, मी सप्ताहात कोणतं आख्यान लावलं होतं सांगू? दामाजीपंतांचं. लोक रडले. कीर्तन फार रंगलं असं सगळे म्हणाले.

दोन वर्षं मी त्या गावच्या बाजूला गेलो नाही. कार्तिकातला मान मात्र घेत होतो. मग एकदा अशाच वारीत, वेळापूरच्या पुढं, वहिनी दिसल्या. डोईवर तुळस. मला वाटलं तोंड फिरवतील. पाया पडल्या. म्हणाल्या, "बुवा, अपील केलंय. तुम्ही याल का?" मला बोलता येईना. पाया पडायचं कुणी कुणाच्या, माउली?

अपिलाचं सगळं सांगत बसत नाही. वरच्या कोर्टानं माझी साक्ष घ्यायला हवी होती असं म्हणून प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. त्यालाही दोन वर्षं लागली. या वेळी तारीख पडली तेव्हा मी आदल्या संध्याकाळीच तालुक्याला जाऊन विठ्ठल मंदिरात झोपलो. सकाळी साडेदहाला व्हरांड्यात बाकावर. पुकारा झाला दुपारी सव्वातीनला. माझं नाव पट्टेवाल्यानं घेतलं तेव्हा पहिल्या हाकेलाच 'हजर' म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडलो की वकील मंडळी हसली. कीर्तनाचा गळा, काय करणार.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथ घेतली. थोरला भाऊ पहिल्या बाकावर. त्याच्या वकिलांनी तासभर विचारलं. पाडवा कोणत्या वाराचा, देवळाचं तोंड कुणीकडं, कोण कुठं बसलं होतं. सांगत गेलो. मग त्यांनी फाईल मिटली आणि शांतपणे विचारलं, "महाराज, तुमची साक्ष एवढी खरी होती, तर मागच्या वेळी दोन तारखांना आला का नाहीत?"

वारी, सप्ताह, दोन्ही उत्तरं जिभेवर होती. दोन्ही खोटी नव्हती. रेकॉर्डवर तसे निरोपही होते. मी थोरल्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि म्हटलं, "भीती वाटली म्हणून."

साहेबांनी मान वर केली. टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. साहेब म्हणाले, लिहा. आणि ते तसंच लिहिलं गेलं. माझ्या चाळीस वर्षांच्या कीर्तनांतलं एकही वाक्य कुठल्या दप्तरात नाही, हे एक आहे. वकिलांनी पुढं काही विचारलं नाही.

निकाल वर्षभरानं लागला. तुकडा वहिनींच्या नावावर आला. पोरगं त्या वेळेपर्यंत पुण्यात ड्रायव्हर झालेलं होतं, ते काही शाळेत परत गेलं नाही. कार्तिकातल्या सप्ताहाचं बोलावणं मला पुन्हा आलं नाही.

साक्ष संपवून मी बाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. पाय थरथरत होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. फाटकापाशी चहाची गाडी. वहिनी म्हणाल्या, "बुवा, चहा घ्या." दोन चहा सांगितले. प्यायलो. मी खिशात हात घातला तर त्यांनी पदराची गाठ सोडली, दहाची नोट काढली, गाडीवाल्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, "वहिनी, अहो मी देतो." त्या म्हणाल्या, "असू द्या, बुवा. आज तुम्ही आलात." आणि उरलेले सुटे पैसे मोजून पुन्हा गाठीत बांधायला लागल्या.